पुढचं स्टेशन नसलेली गाडी

विमानात कोणीतरी दारू पिऊन धिंगाणा घातल्याची बातमी आली, की आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर एकजण तरी हमखास म्हणतो, "उतरवून द्यायचा ना साल्याला!" म्हणायला सोपं आहे हो. पण उतरवणार कुठे? पस्तीस हजार फुटांवर?

प्रश्न वाटतो तेवढा विनोदी नाही. प्रवासातल्या दारुड्याला उतरवून देणं हा सव्वाशे वर्षांहून जुना उपाय आहे आणि त्यामागे चक्क कायदा आहे. विमानं आली आणि हा उपाय निकामी झाला. त्याच्या जागी काय आणायचं हे ठरवताना जगाची बरीच वर्षं गेली, आणि आपल्याकडे तर पक्का नियम यायला एका खासदारांची चप्पल निमित्त झाली. ह्या विकांताला तीच गोष्ट सांगतो. थोडं लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

सुरुवात आमच्या गावापासून. चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. मनमाड-सिकंदराबाद लाइनीवर पूर्णा जंक्शन सोडलं की नांदेडच्या दिशेचं पहिलं स्टेशन. निजामाच्या राज्यात १९००च्या आसपास ही लाइन सुरू झाली, तेव्हा मीटरगेज होती. एक्स्प्रेस गाड्या आमच्याकडे न बघता धडधडत निघून जातात, पॅसेंजर तेवढी थांबते. अशा बारक्या स्टेशनांचा एक उपयोग वेळापत्रकात छापलेला नसतो. डब्यात नकोसा झालेला माणूस तिथे खाली ठेवता येतो. पूर्ण्याच्या बाजारातून 'घेऊन' आलेला गडी गाडीत शिव्या द्यायला लागला की त्याला नांदेडपर्यंत सहन करायची गरज नसायची. दहा-पंधरा मिनिटांत चुडावा. टीसी आणि दोन धट्टेकट्टे प्रवासी मिळून त्याला फलाटावर ठेवायचे, गाडी पुढे जायची, आणि तो लिंबाखाली झोपून सकाळी चालता व्हायचा.

१८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यात कलम १२० होतं. डब्यात किंवा रेल्वेच्या हद्दीत नशेत असणं, घाणेरडं बोलणं किंवा वागणं, इतर प्रवाशांना मुद्दाम त्रास देणं, आणि (हे मला फार आवडतं) डब्यातला दिवा विझवणं, ह्या सगळ्याला एकच शिक्षा. ५० रुपयांपर्यंत दंड, तिकिटाचे पैसे जप्त, आणि कोणताही रेल्वे कर्मचारी त्या माणसाला रेल्वेच्या हद्दीबाहेर काढू शकतो. आजच्या १९८९ च्या कायद्यात हेच कलम १४५ झालं. कैद सहा महिन्यांपर्यंत, दंड ५०० रुपयांपर्यंत. दिवा विझवणारे मधल्या काळात कमी झाले असावेत.

ह्या कलमात कैद आणि दंड दिसायला मोठे आहेत, पण खरं काम करते ती शेवटची ओळ. कर्मचारी त्याला बाहेर काढू शकतो. न्यायाधीश नको, पंचनामा नको, साहेबांची परवानगी नको. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर अडकलेली प्रोसेस तिथल्या तिथे मारता येते, सगळी सिस्टिम बंद करावी लागत नाही. अट एकच, पुढे कुठेतरी चुडावा हवा.

आता थेट अटलांटिक समुद्रावर चला. २ ऑगस्ट १९४८, पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान. बऱ्याच प्रवाशांनी निघण्याआधीच रम रिचवलेली, वर काहींनी बाटल्याही बरोबर घेतलेल्या. समुद्रावर असताना कॉर्डोव्हा नावाचा एक प्रवासी आणि त्याचा दोस्त यांच्यात एका बाटलीवरून जुंपली. मारामारी विमानाच्या मागच्या भागात चाललेली, आणि माणसाचा स्वभाव बघा, बाकीचे प्रवासी ती बघायला मागे गोळा झाले. विमानाचा तोल शेपटीकडे जायला लागला! कॉकपिटमध्ये कॅप्टनला नाक वर जाताना जाणवलं. त्याने विमान सहवैमानिकाच्या हाती दिलं आणि मागे आला, तर कॉर्डोव्हाने त्याच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. हवाई सुंदरीलाही मार बसला. शेवटी त्याला धरून डांबून ठेवलं.

न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात खटला उभा राहिला, १९५० मध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी सांगितलं की ह्याने मारहाण केली यात शंका नाही. पण शिक्षा देता येत नाही! कारण कायद्यात अमेरिकेचा अधिकार होता 'भर समुद्रावरच्या जहाजावर' घडलेल्या गुन्ह्यांवर. विमान म्हणजे जहाज नव्हे, आणि समुद्राच्या वर असणं म्हणजे समुद्रावर असणं नव्हे. गडी सुटला.

आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हे वाचून न्यायाधीशांचा राग येण्याऐवजी ओळखीचं हसू येतं. कोड लिहिणाऱ्याने जमीन आणि पाणी अशा दोनच केसेस धरल्या होत्या, तिसरी केस आली आणि प्रोग्रॅम काहीच न करता बाहेर पडला. अमेरिकेने १९५२ साली कायदा दुरुस्त केला. पण हा एका देशाचा पॅच झाला. एका देशाचं विमान, दुसऱ्या देशाचा प्रवासी, तिसऱ्या देशाच्या वरून उडतंय आणि चौथ्या देशात उतरणार, तर पोलीस कोणाचे?

ह्याचं उत्तर १४ सप्टेंबर १९६३ ला टोकियोत झालेल्या करारात आहे. तो लागू व्हायला डिसेंबर १९६९ उजाडलं. भारत १९७५ मध्ये त्यात सामील झाला आणि त्याच साली आपल्याकडे टोकियो करार कायदा आला. करारातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाचा कायदा विमानाबरोबर उडतो. म्हणजे आपली 'व्हीटी' अक्षरं लिहिलेलं विमान अटलांटिकवर असलं तरी आतल्या गुन्ह्यावर भारताचा अधिकार. दुसरी गोष्ट म्हणजे कॅप्टनची ताकद. विमानाची सुरक्षितता किंवा आतली शिस्त धोक्यात आहे असं मानायला वाजवी कारण असेल तर तो प्रवाशाला बांधून ठेवू शकतो, त्यासाठी कर्मचाऱ्यांना हुकूम देऊ शकतो, इतर प्रवाशांची मदत मागू शकतो (हुकूम मात्र देऊ शकत नाही), विमान उतरल्यावर त्याला खाली काढू शकतो, गंभीर गुन्हा असेल तर पोलिसांच्या हवाली करू शकतो. ह्या कृतीबद्दल नंतर कॅप्टनवर दावा लावता येत नाही.

आणि ही ताकद कधीपासून कधीपर्यंत? सगळे प्रवासी चढून बाहेरचे सगळे दरवाजे बंद झाले तेव्हापासून, ते उतरण्यासाठी एखादा दरवाजा उघडेपर्यंत. इतकी स्वच्छ व्याख्या सरकारी कागदात क्वचित सापडते. दार बंद, कॅप्टन राजा. दार उघडलं, राज्य खालसा.

थोडक्यात, चुडाव्याच्या फलाटाची जागा कॅप्टनच्या अधिकाराने भरून काढली. उतरवता येत नाही ना, मग आतच कोठडी करा. आणि अगदीच बेतलं तर वाट वाकडी करून जवळच्या विमानतळावर उतरा. म्हणजे एका माणसाला खाली ठेवण्यासाठी दोनशे लोकांची गाडी आडवाटेच्या स्टेशनावर न्यायची. इंधन, पुढच्या फ्लाइटी, लोकांच्या भेटीगाठी, सगळ्याची वाट लागते, म्हणून कंपन्या ते शक्यतो टाळतात. करारात एक भोकही राहिलं होतं. परदेशी विमान उतरल्यावर तिथले पोलीस बरेचदा म्हणायचे, विमान आमचं नाही, गुन्हा आमचा नाही, जा घरी. ते बुजवायला २०१४ मध्ये माँट्रियलला नवा प्रोटोकॉल झाला, तो लागू झाला १ जानेवारी २०२० पासून. त्यात विमान जिथे उतरतं त्या देशालाही खटल्याचा अधिकार मिळाला.

दारूबद्दल दोन शब्द. आपल्या देशांतर्गत विमानात दारू मिळत नाही, त्यामुळे पुणे-दिल्ली विमानात जो झिंगलेला दिसतो तो जमिनीवरूनच भरून आलेला असतो. त्याला अडवायची जागा म्हणजे गेट, कारण दार उघडं असताना तो अजून 'चुडाव्यात' आहे. आंतरराष्ट्रीय विमानात मात्र ट्रॉलीवरून आग्रहाने वाढतात. बरं, उंचीवर दारू जास्त चढते हा समज अर्धाच खरा आहे. रक्तातलं दारूचं प्रमाण उंचीमुळे वाढत नाही. पण केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तेवढ्या कमी दाबात दारू पिऊन झोपलेल्या तरुण निरोगी माणसांच्या रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास आला आणि झोपेतच नाडी ८८ वर गेली. म्हणजे दारू तेवढीच असते, शरीर मात्र आधीच दमलेलं असतं. त्यात खुर्ची अरुंद, झोप नाही, आणि चौथा पेग नाकारणारी मुलगी समोर उभी. १९९५ मध्ये ब्यूनोस आयर्स-न्यूयॉर्क विमानात पहिल्या वर्गातल्या एका बड्या बँकरला आणखी दारू नाकारली, तर त्याने जेवणाच्या ट्रॉलीवर जे केलं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही जेवताना वाचत असाल.

आता आपल्याकडे येऊ. २३ मार्च २०१७. पुण्याहून दिल्लीला जाणारं एअर इंडियाचं सकाळचं विमान. प्रवाशांत आमच्या मराठवाड्यातले, उस्मानाबादचे (आताचं धाराशिव) शिवसेनेचे खासदार रवींद्र गायकवाड. स्पष्ट सांगतो, ह्यात दारूचा काही संबंध नाही. त्यांच्याकडे बिझनेस क्लासचं तिकीट होतं आणि त्या दिवशीच्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता. तक्रार रास्त होती, माझीही झाली असती. पण दिल्लीत उतरल्यावर ते विमानातून उतरायलाच तयार होईनात, आणि समजवायला आलेल्या साठीच्या ड्यूटी मॅनेजरला त्यांनी चपलेने मारलं. मग टीव्हीवर स्वतःच आकडाही सांगितला, पंचवीस वेळा.

म्हणजे बघा, रेल्वेच्या कायद्याची पूर्ण उलटी गंमत. इथे फलाट आलेला, दार उघडं, सगळे उतरलेले, आणि एकच माणूस उतरत नाही!

एअर इंडियाने आणि पाठोपाठ इतर मोठ्या विमान कंपन्यांनी त्यांना बंदी घातली. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्यात भारतीय दंड संहितेचं कलम ३५५ होतं. मारहाण करून एखाद्याची अब्रू घालवण्याचं कलम. (चपलेसाठी इतकं चपखल कलम आपल्याकडे १८६० पासून आहे हे मला माहीत नव्हतं.) खासदार साहेब रेल्वेने फिरले. उमरग्यात बंदची हाक दिली गेली. ६ एप्रिलला लोकसभेत गोंधळ झाला, गायकवाड म्हणाले सभागृहाची माफी मागतो, अधिकाऱ्याची नाही. नागरी विमान वाहतूक मंत्री अशोक गजपती राजू यांना त्यांनी खेद व्यक्त करणारं पत्र दिलं आणि ७ एप्रिलला बंदी उठली.

ह्या प्रकरणातलं मला सगळ्यात खटकणारं हे. चप्पल ज्याला बसली त्याला सोडून बाकी सगळ्यांशी समझोता झाला. आपल्या गावाकडे ह्याला एक फार गोंडस शब्द आहे, 'मिटवलं'. पारावर चार वजनदार माणसं बसतात, दोन्हीकडच्या लोकांना चहा पाजतात, आणि मार खाल्लेला माणूस घरी जातो. विमानात पाराचं काम मंत्रालयाने केलं, इतकाच फरक.

पण एक बरं झालं. तोपर्यंत विमान नियमांत (१९३७ चे, कलमं २२ आणि २३) कर्मचाऱ्यांवर हात उगारणं गुन्हा होतंच, मात्र प्रवाशाला किती काळ आणि कोणी घरी बसवायचं ह्याची रीतसर पद्धत नव्हती. मे २०१७ मध्ये मसुदा आला आणि सप्टेंबरात नियम पक्का झाला. पहिली पातळी तोंडाची, म्हणजे शिव्या, हातवारे, दारू पिऊन बडबड: तीन महिन्यांपर्यंत बंदी. दुसरी हाताची, ढकलणं, मारणं, लैंगिक चाळे: सहा महिन्यांपर्यंत. तिसरी जिवावरची: किमान दोन वर्षं. निर्णय कंपनीच्या समितीचा, अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश, ३० दिवसांत निकाल, तोवर कंपनी तात्पुरती बंदी घालू शकते. वर अपील. यादीत पहिलं नाव लागलं ते मुंबईच्या एका सराफाचं. त्याने म्हणे ऑक्टोबर २०१७ मध्ये विमानाच्या संडासात अपहरणाची चिठ्ठी ठेवली. २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. तो वेगळाच लेख होईल.

मधेच एक योगायोग सांगू का? चप्पल प्रकरणानंतर पाचच आठवड्यांनी, २७ एप्रिल २०१७ ला, पंतप्रधानांनी शिमल्याहून 'उडान' योजनेची पहिली विमानं सोडली. हवाई चप्पल घालणाराही विमानात दिसावा ही त्यांची कल्पना तेव्हा सगळ्या पेपरांत होती. आणि त्या दिवशीच्या विमानांत एक होतं नांदेड-हैदराबाद, ट्रूजेट कंपनीचं. चुडाव्यापासून विमानतळ वीसेक किलोमीटर. गावातल्या लोकांनी तेव्हा विमानातल्या चपलेचे दोन्ही अर्थ एकाच महिन्यात ऐकले. (ती सेवा नंतर बंद पडली, पण नांदेडहून विमानं पुन्हा सुरू झाली आहेत.)

नियम आला म्हणजे न्याय आला असं नाही. जानेवारी २०२० मध्ये विनोदवीर कुणाल कामराने मुंबई-लखनौ इंडिगो विमानात पत्रकार अर्णब गोस्वामींना जागेवर जाऊन सतावलं आणि व्हिडिओ टाकला. मला तो प्रकार आवडला नाही, बंद डब्यात कोणाला गाठून प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. पण इंडिगोने समिती बसण्याआधीच सहा महिन्यांची बंदी जाहीर केली, आणि मंत्र्यांच्या ट्वीटनंतर आणखी तीन कंपन्यांनीही, ज्यांच्या विमानात तो बसलाही नव्हता. गंमत म्हणजे त्या विमानाच्या कॅप्टननेच कंपनीला लिहून कळवलं की वागणं बरं नव्हतं, पण पहिल्या पातळीतही बसत नाही, आणि मला कोणी विचारलंच नाही. टोकियोने ज्याला राजा केलं त्यालाच विचारलं नाही! शेवटी समितीने बंदी तीन महिन्यांवर आणली. खासदाराला दोन आठवडे, तेही हात उगारून, आणि विनोदवीराला तीन महिने, तेही तोंड चालवून. हिशेब तुम्हीच मांडा.

आणि मग २६ नोव्हेंबर २०२२, एअर इंडियाचं न्यूयॉर्क-दिल्ली विमान. बिझनेस क्लासमधल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या अंगावर दारू प्यायलेल्या सहप्रवाशाने लघवी केल्याची तक्रार झाली. तो एका बड्या बँकेत नोकरीला होता. त्याने आरोप नाकारला आहे. पण मला इथे लक्ष वेधायचंय ते पुढच्या तासांकडे. बाईंच्या तक्रारीप्रमाणे, नको म्हणत असतानाही त्या माणसाला त्यांच्यापुढे माफी मागायला आणून उभं केलं गेलं. म्हणजे पुन्हा पार, पुन्हा 'मिटवून टाका'. विमान दिल्लीला उतरलं, दार उघडलं, तो माणूस चालत घरी गेला. नियमाप्रमाणे डीजीसीएला १२ तासांत कळवायचं असतं, त्यांना कळलं जानेवारीत. मग सगळं एकदम धावलं. आरोपीला बंगळुरात अटक झाली, नोकरी गेली, समितीने चार महिन्यांची बंदी घातली, डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला आणि कॅप्टनचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला.

कॅप्टनचा परवाना गेल्याबद्दल वैमानिकांच्या संघटना चिडल्या, एकाच माणसाच्या गळ्यात सगळं कशाला. मला त्यांचं म्हणणं थोडं पटतं. पण टोकियोने दिलेली ताकद वापरायची नाही आणि नंतर ती माझी नव्हती म्हणायचं, हेही जमणार नाही. बांधून ठेवायला कोणी म्हणत नव्हतं. बाईंना दुसरी चांगली जागा देणं, त्या माणसापासून लांब ठेवणं आणि दिल्लीत दारापाशी पोलीस बोलावणं, एवढं तर होतं. बिझनेस क्लासच्या गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही ही सवय कराराच्या कलमांपेक्षा जुनी आहे, आणि ट्रॉली ढकलणाऱ्या पंचविशीतल्या मुलीकडून ती मोडण्याची अपेक्षा करणं सोपं, ती मोडल्यावर कंपनी तिच्या पाठीशी उभी राहील ह्याची खात्री देणं अवघड. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे आकडे सांगतात की २०२२ मध्ये दर ५६८ उड्डाणांमागे एक अशी घटना नोंदली गेली, २०२३ मध्ये दर ४८० मागे एक. रोज चार उड्डाणं केली तर सरासरी चार महिन्यांत त्या मुलीचीही पाळी येणारच.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. हा प्रकार समुद्रावर घडला की कोणत्या देशावर, ह्यावर कोणी शब्द काढला नाही. विमान भारतात नोंदलेलं, दिल्ली पोलिसांनी गुन्हा घेतला. कॉर्डोव्हा ज्या भोकातून सुटला ते बुजलेलं होतं.

त्या गुन्ह्यात एक कलम ५१० होतं, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन. शिक्षा ऐकाल? २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १० रुपयांपर्यंत दंड. मेकॉलेच्या काळातले १० रुपये, १६० वर्षं कोणी हात लावला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि दंड १,००० रुपये झाला, शिवाय समाजसेवेची शिक्षाही देता येते. आणि नव्या संहितेत ह्या दारुड्याच्या कलमाचा नंबर आहे ३५५, जो जुन्या संहितेत चपलेचा होता. समाजसेवा काय द्यावी हे न्यायाधीशांनी ठरवायचं. मला विचाराल तर विमानाची स्वच्छतागृहं धुवायला लावावीत, आणि ती न्यूयॉर्कहून आलेल्या विमानाची असावीत.